नावाआधी 'डॉ.' का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गेल्या आठवड्यात चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलेलं पाहून मी भावावर चिडले, तेव्हाही हाच प्रश्न आला. "ताईला मोठेपणा आवडत नाही," असं तो परस्पर सांगून मोकळा होतो. खोटं आहे ते. आवडतो की!

पुण्यात पीएचडी करत होते. विषय केळीवरचा कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे पानांवर पिवळे पट्टे पाडणारा विषाणू. चोपड्याकडच्या आमच्या मळ्यातलं पान ओल्या रद्दीत गुंडाळून एसटीनं नेलं होतं, ते समितीसमोर टेबलावर उलगडलं. पिवळे पट्टे अजून ताजे होते. इंग्रजी वाक्यं सगळी पाठ. मग पाठ नसलेलं विचारलं गेलं: शेतात हा रोग ओळखता कसा? तोंडून निघालं, "हरण्या आला की कळतंच ना सर."

"हरणं येतात का केळीत?" समितीतले एक जण म्हणाले. सगळे हसले.

तुम्हाला वाटेल, तेच लागलं. नाही. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. "गावाकडचा शब्द आहे, सॉरी," म्हणाले. आमच्याकडे या रोगाला हरण्याच म्हणतात. त्याच हरण्यापायी वडिलांनी तीन महिन्यांची रोपं उपटून बांधावर जाळली होती, आणि मी सॉरी म्हणाले! रात्री त्यांचा फोन. "कसं झायं?" "चांगलं झायं." पान तिथंच राहिलं. विसरले की टाकून आले, अजून सांगता येत नाही.

'इम्पॉस्टर' म्हणून कुणी ना कुणी समजावतंच. क्लान्स आणि इम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार बायकांबद्दल ते मांडलं: यश हातात असूनही आपण तोतया आहोत असं वाटणं. मला लागू पडतं, नाकारत नाही. पण सगळं माझ्याच डोक्यात ढकललं की ती हसणारी खोली सुटते ना?

तेव्हा मी स्वतःला सांगायचे, गावी परतलं की हे जाईल. परतले. शेजारचे आप्पा पान घेऊन आले, औषध विचारायला. विषाणूवर औषध नाही. रोप उपटा, रोग पसरवणारी मावा कीड आवरा, केळीत काकडी-भोपळा लावू नका, मी म्हटलं.

"ते आमले बी माहीत शे," आप्पा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

पत्रिका वाटून झाल्या, त्यामुळे त्यातलं 'डॉ.' राहिलं. दारावरची पाटी मात्र अजून करायला टाकलेली नाही. आई दर बाजाराच्या दिवशी विचारते.