पाठमोरा सामना

स्टेडियमच्या बंदोबस्तात पोलिसाची पाठ मैदानाकडे असते आणि तोंड प्रेक्षकांकडे. हजेरी घेताना साहेब दर वेळी बजावतात, मॅच बघायची नाही, मॅच बघणाऱ्यांना बघायचं. नऊ वर्षांच्या नोकरीत ब्रेबॉर्न आणि वानखेडे मिळून किती सामन्यांना उभी राहिले याचा हिशोब मी ठेवलेला नाही. पण २०२३ च्या मार्चमधला महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम मला तारखांसकट आठवतो.

पुरुषांच्या सामन्याला गेटवर काय चित्र असतं ते आधी सांगते. महिलांच्या झडतीसाठी कापडी पडदा लावून एक आडोसा केलेला असतो, त्यात आम्ही दोघी. बाहेर पुरुषांच्या रांगा पार रस्त्यापर्यंत जातात आणि आमच्याकडे थोड्या थोड्या वेळाने एखादी बाई येते, तीही नवरा किंवा भाऊ बरोबर असलेली. तिचं आटपलं की ती पुढे जाऊन त्याची वाट बघत थांबते. आम्ही पुन्हा मोकळ्या. बंदोबस्त ठरवतानाही महिला अंमलदार दर गेटला दोन, फार तर तीन. तेवढ्यात भागतं.

या लीगने ते गणित मोडलं. पाच संघ, २२ सामने, ४ ते २६ मार्च, आणि मैदानं दोनच, नेरूळचं डी. वाय. पाटील आणि चर्चगेटचं ब्रेबॉर्न. नेरूळ नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत, ब्रेबॉर्न आमच्याकडे. पहिला सामना नेरूळला झाला. हरमनप्रीत कौरने ३० चेंडूंत ६५ काढल्या, मुंबईच्या २०७ झाल्या आणि गुजरात ६४ मध्ये गारद. हे सगळं आम्ही ठाण्यात मोबाइलवर बघितलं आणि आता आपल्याकडे गर्दी होणार हे तेव्हाच कळलं.

८ मार्चला महिला दिन. गुजरात आणि बेंगळुरूचा सामना ब्रेबॉर्नवर होता, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच प्रवेश फुकट. आदल्या दिवशी धुळवड झालेली, म्हणजे आमचा तो बंदोबस्त सकाळपासून रात्रीपर्यंत करून पाय आधीच भरून आलेले. दुपारनंतर रांग लागायला लागली. सव्वासहाच्या सुमारास पडद्याबाहेर डोकावले तर आमची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब होती. मी बॅचमेटला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "अगं, बघतेयस काय, ती आपलीच आहे ना?" आपलीच होती. कॉलेजच्या मुली, ऑफिस सुटल्यावर तशाच आलेल्या बायका, क्लबच्या पांढऱ्या ड्रेसमधल्या पंधरा-वीस पोरी, त्यांच्यामागे घोळक्याने आलेल्या मध्यमवयीन बायका, ज्यांच्याबरोबर पुरुष असा कोणीच नव्हता. पोरींच्या कानामागे आणि भांगात धुळवडीचा गुलाबी रंग अजून तसाच. मेटल डिटेक्टर बांगड्यांवर वाजतो, साडीच्या पिनांवर वाजतो, पाकिटातल्या नाण्यांवर वाजतो. नाणी आत नेता येत नाहीत. डबेही नेता येत नाहीत, म्हणून चौघी बायकांनी होळीच्या उरलेल्या पुरणपोळ्या रांगेतच उभ्याने संपवल्या आणि दोन आमच्या हातात कोंबल्या. ड्युटीवर घ्यायच्या नसतात. घेतल्या.

त्या रात्री आमच्या पीएसआय मॅडमनी वर कळवलं की महिला अंमलदार वाढवून हवेत. माझ्या नोकरीत स्टेडियमच्या बंदोबस्तासाठी अशी मागणी मी पहिल्यांदा ऐकली. पुढच्या सामन्याला आडोसे दोनाचे चार झाले.

२६ तारखेला, रविवारी, फायनल. मुंबई विरुद्ध दिल्ली, तीही ब्रेबॉर्नवर. गेटवर निळ्या जर्सींचा नुसता लोंढा. साडेपाचच्या आसपास माझ्यासमोर एक मुलगी आली, अकरा-बारा वर्षांची, मुंबईची जर्सी ढोपरापर्यंत लोंबणारी. मागे आई. मुलीच्या पाठपिशवीत सीझन बॉल.

बॉल आत नेता येत नाही. फेकता येण्यासारखी कुठलीच वस्तू नेता येत नाही. अशा वस्तू खोक्यात टाकायच्या असतात आणि खोक्यात गेलेली वस्तू परत मिळत नाही. मी ते सांगितलं. आई म्हणाली, "मॅडम, सही घ्यायला आणलाय हो. विरारवरून आलोय आम्ही, आता कुठे ठेवणार?" मुलगी काही रडली-बिडली नाही. तिने बॉल माझ्या हातातून हलकेच काढून घेतला आणि आईला म्हणाली, "तू जा आत. मी बॉल घेऊन बाहेर बसते. तू मला येऊन सांग काय झालं ते."

बॉल लाल होता, एका बाजूने घासून घासून आरशासारखा केलेला, दुसऱ्या बाजूने खरखरीत. शिवण एका जागी उसवून पुन्हा जाड दोऱ्याने शिवलेली, टाके वाकडेतिकडे. कोणी शिवली असं मी विचारलं. "मीच. मी लेफ्ट आर्म स्पिन टाकते. राधा यादवसारखी."

राधा त्या दिवशी दिल्लीकडून खेळत होती आणि ही मुंबईची जर्सी घालून आलेली. तसं बघितलं तर राधा कांदिवलीची. तिच्या वडिलांचा तिथेच भाजी आणि दुधाचा छोटा स्टॉल होता, हे आमच्याकडे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईत खेळायला सुरुवात करून पुढे ती बडोद्याकडून खेळली. पश्चिम रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्या पोरीला ती आपली वाटणारच, मग अंगात जर्सी कुठलीही असो.

मी मॅडमकडे गेले. मॅडमनी मुलीकडे बघितलं, बॉलकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या जबाबदारीवर. सामना संपल्यावर याच गेटला." मी बॉल पँटच्या खिशात घातला. मुलगी आत गेली, पण जाताना तीन वेळा मागे वळून माझ्या खिशाकडे बघितलं.

साडेसातला खेळ सुरू झाल्यावर गेट सैल झालं आणि आम्हाला आत, कठड्यापाशी पाठवलं. समोर आमच्याच गेटचा स्टँड. सहाव्या की सातव्या रांगेत ती मायलेक मला दिसली. मी तिथे उभी, पाठीमागे फायनल.

पाठमोरं उभं राहून सामना कळत नाही असं ज्यांना वाटतं ते कधी उभे राहिलेले नाहीत. चौका असेल तर सगळ्यांची नजर जमिनीलगत एका बाजूला सरकत जाते, गवतावरून वारा जावा तशी. षटकार असेल तर आधी हनुवट्या वर जातात आणि मग माना वळतात. झेल उडाला की तोंडं उघडी राहतात पण आवाज नसतो. आवाज नंतर येतो, एकदम, छातीवर आदळल्यासारखा. फलंदाज थोडक्यात वाचली तर हात डोक्यावर जातात. आणि प्रकरण तिसऱ्या पंचांकडे गेलं की सगळे एकाच जागी, मोठ्या पडद्याकडे बघतात, तेव्हा बाटली फेकणारा किंवा कुंपणावर चढणारा माणूस शोधायला सगळ्यात सोपं जातं. आम्हाला हे कोणी शिकवत नाही. उभं राहून राहून येतं.

दुसऱ्याच षटकात हनुवट्या वर गेल्या, माना वळल्या, आणि पुढच्या क्षणी आवाज आदळला. मग एकदम शांत. सगळे पडद्याकडे. मुंबईच्या इसी वाँगच्या फुलटॉसवर दिल्लीची शेफाली वर्मा बाद, पण चेंडू कमरेच्या वर, म्हणजे नो-बॉल होता का ते तपासत होते. स्टँडमधल्या एका काकूंनी डोळे मिटून हात जोडलेले मला आठवतात. निर्णय आला, शेफाली गेली, आणि काकूंनी शेजारच्या अनोळखी मुलीच्या पाठीत आनंदाने असा धपाटा घातला की मी पुढे झाले. मुलगी हसत होती. त्याच षटकात आणखी एक गेली. मग जेमिमा रॉड्रिग्ज. वाँगने दोन दिवसांपूर्वीच नेरूळला एलिमिनेटरमध्ये हॅटट्रिक घेतलेली, त्यामुळे तिच्या नावाचा गजर कानठळ्या बसवत होता. जेमिमा वांद्र्याची. ती बाद झाल्यावर आनंद आणि हळहळ एकाच चेहऱ्यावर बघायला मिळाली.

मधे दिल्लीची कर्णधार मेग लॅनिंग धावबाद झाली आणि मग रांगच लागली. मुंबईच्या हेली मॅथ्यूजने तीन टिपल्या. दिल्ली ९ बाद ७९. मला आकडा दिसत नव्हता, पण शेवटची जोडी आली हे मी बायकांच्या खांद्यांवरून ओळखलं. आवळून धरलेले खांदे खाली आले. कोणी पाणी प्यायला उठलं, कोणी पोरांना बाथरूमला घेऊन निघालं. एवढ्या बायकांमध्ये एकच मुलगी उभी राहिली. माझ्या खिशातल्या बॉलची मालकीण.

शेवटची जोडी शिखा पांडे आणि राधा यादव. शिखा गोव्याकडून खेळत वर आलेली, भारतीय हवाई दलात अधिकारी. वर्दीवाली म्हणून मला ती आधीपासून जवळची. तेव्हा आत नेमकं काय चाललंय हे मला कळत नव्हतं. एवढंच दिसलं की नजरा पुन्हा गवतावरून सरकायला लागल्या. एकदा. पुन्हा एकदा. उठलेल्या बायका पायऱ्यांवरच थांबल्या. हनुवट्या वर गेल्या. निळ्या जर्सीतल्या माणसांच्या कपाळावर आठ्या आल्या आणि त्या आठ्यांच्या मधोमध ती पोर खुर्चीवर चढून उड्या मारत होती. आई तिला खाली ओढायची, ती पुन्हा चढायची. शेजारच्या एका गृहस्थांनी तिच्या जर्सीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण उत्तर देताना तिने डावा हात वर करून चेंडू सोडल्यासारखा फिरवला.

माझा हात खिशात होता. शिवणीवरचे ते वाकडे टाके अंगठ्याला लागत होते. आणि मी वळले.

बंदोबस्तावर हे करायचं नसतं, हे मला माहीत आहे आणि मी ते पुन्हा केलेलं नाही. एकाच चेंडूपुरती वळले. दिव्यांच्या उजेडात एक पांढरा ठिपका वर चढताना दिसला, त्याच्याखाली बॅट अजून खांद्यावर असलेली एक बारीक आकृती. ठिपका वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा वाटला. तेवढं बघून मी पुन्हा तोंड फिरवलं. ठिपका कुठे पडला ते मी समोरच्या मानांवरून वाचलं.

त्या दोघींनी शेवटच्या २४ चेंडूंत ५२ जोडल्या. दोघीही नाबाद २७. त्यात राधाला फक्त १२ चेंडू लागले. दिल्ली ९ बाद १३१.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईची सुरुवात अडखळत झाली, यास्तिका भाटियाला राधानेच बाद केलं (खुर्चीवर पुन्हा उड्या), मग हरमनप्रीत आणि नॅट सिव्हर-ब्रंट यांनी हळूहळू डाव बांधला. हरमनप्रीत ३७ वर धावबाद झाली तेव्हा स्टँडमध्ये अशी शांतता होती की मला वायरलेसची खरखर स्पष्ट ऐकू आली. सिव्हर-ब्रंट शेवटपर्यंत उभी राहिली, नाबाद ६०. तीन चेंडू राखून मुंबई जिंकली. फटाके माझ्या पाठीमागे उडाले आणि समोर हजारो बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. आनंदाची गर्दी मी पुष्कळ बघितली आहे. गणपतीची, विजयी मिरवणुकांची, नववर्षाच्या रात्रीची. त्या गर्दीत बाई असली की माझी नजर आपोआप तिच्या आजूबाजूच्या हातांवर जाते, ती इतक्या वर्षांची सवय आहे. त्या रात्री बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी हातांकडे बघतच नाहीये. मी चेहऱ्यांकडे बघत होते.

बक्षीस समारंभ संपून स्टँड रिकामा व्हायला बराच उशीर झाला. मी गेटला येऊन उभी राहिले. लोंढा ओसरत आला तरी मायलेकींचा पत्ता नाही. मी खिशातून बॉल काढून हातात धरला, म्हणजे लांबून दिसावा. शेवटी आल्या. सही मिळाली नव्हती, जाळीपर्यंत पोचताच आलं नाही. मुलीने बॉल घेतला, आधी टाके तपासले, मग तो जर्सीवर घासला.

"मॅडम, तुम्ही तर उलट्या उभ्या होतात. काहीच बघितलं नाही ना?"

"राधाचा एक बघितला. उंच गेलेला."

"सिक्स? कुठला? दोन होते."

मला सांगता आलं नाही. मग तिनेच विचारायला सुरुवात केली, बॅट कुठे होती, चेंडू कुठल्या बाजूला चढला, मी कुठल्या खांद्यावरून वळले. आई घड्याळ दाखवत होती, विरार लोकल चुकेल म्हणत होती. पोरीने तिथेच फुटपाथवर बॉल आईच्या हातात दिला, काल्पनिक बॅट धरली आणि पहिला षटकार मारून दाखवला. मग दोन पावलं मागे सरकून दुसरा.

"यातला कुठला?"

"दुसरा," मी म्हणाले. "बॅट अशीच खांद्यावर होती."