‘उपाशीपोटी आहे, म्हणून डोकं दुखतंय’

प्रसूतिपूर्व तपासणीच्या ओपीडीत इतकी वर्षं काढल्यावर बाई दारातून आत येतानाच महिन्याचा अंदाज येतो. पहिल्या तीन महिन्यांतली नाकाला रुमाल लावून बसते, शेवटच्या महिन्यांतली कमरेवर हात ठेवून उभी राहते. मधल्या महिन्यांतल्या बायका मात्र खुशीत असतात. उलट्या थांबलेल्या, भूक परतलेली, पोट दिसायला लागलेलं पण अजून जड न झालेलं. १४व्या आठवड्यापासून २७वा आठवडा संपेपर्यंतच्या या काळाला सगळे ‘सुखाचे महिने’ म्हणतात आणि बहुतेकींना ते तसेच जातात. तरी माझी जास्तीत जास्त नजर याच बायकांवर असते. का, ते त्या दिवसाची हकीगत सांगितली की कळेल.

त्या दिवशी शुगरच्या टेस्टची गर्दी होती. वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, सुटणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो. गरोदरपणातला मधुमेह त्यामुळे याच सुमारास उघडा पडतो, म्हणून ही टेस्ट २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करतात. आधी उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं, मग एक तासाने आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात काही खायचं नाही, फिरायचं नाही. बायका वैतागतात. मला मात्र हे दोन तास फार मोलाचे वाटतात. तपासणीच्या खोलीत बाई दोन मिनिटं बसते आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून उठते. बाकावर बसल्या बसल्या खरं बोलणं निघतं.

एकीला कुशीवर वळताना जांघेत चमक येत होती. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात तेव्हा असं होतं; गुडघे दुमडून हळूच वळायचं, म्हणजे त्रास कमी होतो. पण पोट ठरावीक वेळाने कडक होऊन सैल पडायला लागलं, कंबर थांबून थांबून दुखायला लागली, किंवा पाण्यासारखं काही जायला लागलं, तर घरी वाट बघत बसायचं नाही, हेही तिला तिथल्या तिथे सांगितलं. दुसरी वेगळ्या तपासणीसाठी आलेली, २१ आठवड्यांची, पहिलटकरीण. बाळ फिरलेलं अजून कळत नाही म्हणून कासावीस झाली होती. पहिल्या खेपेला हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते, आणि हिची वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर होती. मध्ये वारेची गादी असली की बाळाची ढुशी उशिरा जाणवते. २४ आठवड्यांपर्यंत काहीच कळलं नाही तर नक्की ये, असं सांगून तिला ठोके ऐकवले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. तिसरीने शौचाला घट्ट होतं म्हणून लोहाची गोळी परस्पर बंद केली होती. मधल्या महिन्यांत रक्तातला पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा वेगाने वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन तसंही खाली येतं. अशा वेळी गोळी सोडून चालत नाही. कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा चहा-कॉफीबरोबर घेऊ नकोस आणि पोट बिघडत असेल तर डॉक्टरांकडून बदलून घे, पण आपल्या मनाने थांबवू नकोस, असं तिला दोनदा बजावलं.

आणि जिची ही हकीगत, ती भिंतीला डोकं टेकवून बसली होती. २६ आठवडे, पहिलीच खेप. सोबत मोठी जाऊ. मांडीवर एक वही उघडी होती, त्यात सुवाच्य अक्षरात तयारीची यादी: रजेचा अर्ज, बाळाचे कपडे, खोलीतलं कपाट हलवायचं, दवाखान्याच्या बॅगेत काय काय. इतकी नीट यादी बघून मला तिचं कौतुक वाटलं.

“डोकं दुखतंय का ताई?” मी विचारलं.

उत्तर जावेने दिलं. “रात्रीपासून पोटात काही नाही ना सिस्टर, उपाशीपोटी आहे, म्हणून डोकं दुखतंय. त्यात ते गोड पाणी. मळमळतंयही तिला.”

पटण्यासारखं होतं. त्या बाकावरच्या निम्म्या बायकांचं डोकं दुखत होतं. पण तिने मान हलवली आणि म्हणाली, “परवापासून दुखतंय. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं थांबतं. आणि आज सकाळी दात घासताना डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं झालं.”

मी तिचा हात हातात घेतला. बोटातली अंगठी रुतली होती, दोन्ही बाजूंनी कातडी वर आली होती. “ही अंगठी निघते का?” तर म्हणाली, “गेल्या आठवड्यात निघत होती.” पायांची सूज बहुतेकींना येते, संध्याकाळी वाढते, झोपून उठलं की उतरते. पण चेहरा आणि हात अचानक सुजणं ही गोष्ट वेगळी.

बीपी घेणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही आणि घाईत घेतलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. तिला खुर्चीत बसवलं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं बोलायचं नाही, असं जावेलाही सांगितलं. दंडाच्या मापाचा पट्टा शोधला. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच चढा येतो. हात छातीच्या उंचीला, खाली उशी. पहिल्यांदा आलं १५२/९८. पट्टा सोडला, थांबले, पुन्हा घेतलं. १५४/१००.

मग कार्ड उघडलं. ९व्या आठवड्यात १०२/६४. २०व्या आठवड्यात, बाळात काही व्यंग नाही ना ते बघणाऱ्या ॲनॉमली स्कॅनच्या वेळी, ९८/६०. निरोगी गरोदरपणात मध्यावर बीपी थोडं खाली येतं आणि पुढे हळूहळू मूळ पातळीवर जातं, तसंच हिचंही उतरलं होतं. त्यानंतर सहा आठवड्यांत एवढी चढण. १४०/९०च्या पुढे गेलं की कोणाचेही कान टवकारतात, पण मला कार्डावरच्या त्या आधीच्या कमी बीपीने जास्त धडकी भरली. कारण हे बीपी तिचं नव्हतंच.

लघवीच्या पट्टीवर प्रोटीन दोन प्लस. मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि समोर पेशंट असतानाच त्यांना बाहेर बोलावलं.

प्रीएक्लॅम्प्सिया. गरोदरपणात बीपी चढतं आणि बहुतेकदा लघवीतून प्रोटीन जायला लागतं, तो आजार. हा आजार साधारण २० आठवड्यांनंतर दिसतो, पण त्याची सुरुवात फार आधी, वार रुजताना होते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पहिल्या निम्म्या काळात रुंद व्हायला हव्यात, त्या पुरेशा होत नाहीत. वारेला रक्त अपुरं पडतं आणि तिथून जे सुटतं ते आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांना त्रास देतं: मूत्रपिंड, यकृत, मेंदू. बाईच्या हातून काही चुकलं म्हणून तो होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ॲडमिट व्हायला सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “मी फार धावपळ केली म्हणून का?” आणि जावेचा, “मीठ बंद करू का तिचं?” नाही, धावपळीने झालं नव्हतं. आणि मीठ तोडल्याने हा आजार हटत नाही.

डॉक्टरांनी घरच्या इतिहासाबद्दल पुन्हा विचारलं. पहिल्या भेटीत तिने ‘काही नाही’ सांगितलं होतं, आणि तिच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं. आता आईला फोन लावला. आई पलीकडून म्हणाली, “तुझ्या वेळी मला शेवटी शेवटी बीपी झालं होतं, लवकर सोडवलं मला. पण त्याला आता किती वर्षं झाली!” पहिली खेप आणि आईला हा त्रास झालेला, एवढं आधी कळलं असतं तर १२व्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करता आली असती. त्याने धोका कमी होतो, पण ती १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. मी तेव्हापासून पहिल्या भेटीला आलेल्या प्रत्येकीला सांगते, घरी जाऊन आईला आणि बहिणीला फोन कर, त्यांची बाळंतपणं कशी झाली ते नीट विचार. जुन्या गोष्टी बायका सांगत नाहीत, कारण कोणी विचारत नाही.

रक्ताचे रिपोर्ट आले. प्लेटलेट्स आणि यकृत ठीक होतं, तेवढा दिलासा. सोनोग्राफीत बाळ वयाच्या मानाने लहान, वारेच्या रक्तप्रवाहात अडथळा वाढलेला, पण प्रवाह चालू. बीपीची औषधं सुरू झाली, संध्याकाळपर्यंत डोकेदुखी उतरली. बाळाच्या फुप्फुसांसाठी बेटामेथासोनची दोन इंजेक्शनं दिली, २४ तासांच्या अंतराने. या आजाराला बाळंतपण हाच खरा उपाय, पण २६ आठवड्यांच्या बाळासाठी पोटातला एकेक दिवस लाखमोलाचा असतो. तिला आणि बाळाला झेपेल तितके दिवस मिळवायचे, असं ठरलं.

वही तिने वॉर्डात मागवून घेतली. कपाट आणि कपड्यांचं पान तसंच राहिलं, नवीन पानावर दिवसातून चार वेळचं बीपी यायला लागलं. नवरा संध्याकाळी यायचा आणि आधी ते पान बघायचा. आम्ही त्या दोघांना एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आधीच दाखवून आणला. काही जणांना वाटतं की आईला घाबरवू नये, दाखवूच नये. मला हे मुळीच पटत नाही. तिने काचेच्या पेटीतलं तळहाताएवढं बाळ पाहिलं, नळ्या कशाच्या ते विचारलं, आणि तिथल्या सिस्टरकडून हाताने दूध कसं काढायचं ते शिकून घेतलं. पूर्ण झोपून राहायची सक्ती केली नाही, कारण नुसतं पडून राहण्याने रक्ताच्या गुठळ्यांची भीती वाढते. वॉर्डात हिंडायची. बाळाच्या लाथा तिला आता ओळखीच्या झाल्या होत्या, आणि जरा मंदावल्या की ती बेल दाबायची.

असे जवळपास तीन आठवडे मिळाले. मग एका पहाटे बीपी १७२/११२वर गेलं, डोकं फुटायला लागलं. मॅग्नेशियम सल्फेट लावलं. आईला झटके येऊ नयेत म्हणून ते देतात आणि इतक्या लवकर जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूलाही त्याचा आधार होतो. ते चालू असेपर्यंत मी दर तासाला तिच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते बघत होते, श्वास मोजत होते, लघवी मोजत होते. गुडघ्याचा प्रतिसाद गेला तर औषध जास्त झालं असं समजायचं. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट भरून उशाशी ठेवलेलं. त्या अर्धवट गुंगीत तिने मला दोनदा विचारलं, “सिस्टर, बीपी लिहिलं का वहीत?”

सिझर झालं. मुलगी, ९८० ग्रॅम. रडणं बारीक होतं, पण होतं. काही तासांतच तिने शिकल्याप्रमाणे चिकाचे थेंब काढले, ते सिरिंजमधून वर गेले. पुढे मुलगी स्थिर झाल्यावर उघड्या छातीवर तिला घेऊन ती तासन् तास बसायची, आणि जाऊबाई बाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गरोदर बाईला अंगठी निघते का विचारायच्या.

मुलगी दोन किलोच्या आसपास पोचल्यावर घरी गेली. आई सहा आठवड्यांच्या तपासणीला आली तेव्हा बीपी ११०/७०, औषध बंद झालेलं, लघवीत प्रोटीन नाही. तरी वर्षातून एकदा बीपी तपासायचं, असं तिला सांगितलं, कारण ज्यांना हा त्रास होऊन गेला त्यांना पुढे आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो. फाइलवर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलं: पुढच्या खेपेला १२ आठवड्यांपासून ॲस्पिरिन. तिने तेच आपल्या वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाली, धाकट्या बहिणीला आजच कळवते, तिला दुसरा महिना लागलाय.