अंड्याला सपाट जागा नसते

कागदाच्या पट्टीची गुंडाळी टेबलावर ठेवली की मुकाट बसून राहते. तीच अंड्यावर ठेवा. एका बिंदूवर टेकते, बाकीची हवेत, आणि चिमटा सोडला की घसरत थेट बुडाशी. दुपारची वेळ, पंखा बंद (क्विलिंग, म्हणजे कागदी पट्ट्यांच्या गुंडाळ्यांची नक्षी, करणाऱ्यांच्या घरात पंखा बंद का असतो हे सांगायला नकोच), कपाळावर घाम आणि समोर ईस्टरसाठी सजवायचं रिकामं अंडं, जेमतेम सहा सेंटीमीटर लांबीची वस्तू, जिच्या अंगावर कुठेही म्हणजे कुठेही सपाट जागा नाही.

भेटकार्डांवर हात बसलेली माणसं इथेच अडकतात. कार्डावर दोन सेंटीमीटरची पाकळी, म्हणजे चिमटून आकार दिलेली गुंडाळी, छान शोभते. मध्यम आकाराच्या कोंबडीच्या अंड्याचा पोटाकडचा व्यास असतो साधारण ४३ मिलिमीटर. तिथे ती पाकळी आडवी ठेवली की मध्य टेकतो आणि दोन्ही टोकं अडीच मिलिमीटर अधांतरी राहतात. ती फट गोंदाने भरायला जावं तर गोंद ओघळतो आणि वाळल्यावर टरफलावर गोगलगाय फिरून गेल्यासारखी चकचकीत वाट उरते. त्याऐवजी गुंडाळी ८ मिलिमीटरची घेतली तर तीच फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते आणि तेवढी फेविकॉल निमूट सांभाळून घेतो. म्हणून अंड्यावरचं फूल टेबलावर पूर्ण करायचंच नाही. पाकळ्या सुट्या करून ठेवायच्या आणि फूल अंड्यावरच जुळवायचं, एकेक पाकळी लावत. आधी पाचही पाकळ्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की त्यांचा ताठा काही केल्या मोडत नाही.

पट्टीची रुंदी हा दुसरा हट्टाचा मुद्दा. दुकानात सहज मिळतात त्या ३, ५, ७ आणि १० मिलिमीटरच्या. ५ च्या पुढच्या पट्ट्या झालरीच्या फुलांना ठीक. अंड्यावर त्यांच्या गुंडाळ्या म्हणजे उभ्या भिंती. गोल पृष्ठभागावर शेजारी शेजारी उभ्या केलेल्या भिंती वर जाताना एकमेकींपासून फाकतात, आणि पाकळ्यांच्या मधे नको तिथे पाचरीसारख्या फटी दिसतात. ३ मिलिमीटरवर निभावून जातं. खरी मजा २ मिलिमीटरची, आणि हात स्थिर असेल तर दीडची. इतक्या अरुंद पट्टीला सुई वापरावी. खाच असलेल्या टूलने गुंडाळी भराभर होते खरी, पण मधोमध पट्टीचा मुडपलेला तुकडा राहतो, आणि ८ मिलिमीटरच्या पाकळीत तो मुडपा डोळ्यांत खुपतो. पट्टीचं शेवटचं टोक कात्रीने कापू नये, हाताने फाडावं. फाडलेली कड पातळ होते, जोड दिसत नाही.

झुमके करणाऱ्यांना इथे एक गोष्ट आयतीच येते. राख्या, कार्डं आणि झुमके हीच आपल्याकडच्या क्विलिंगची सगळी शाळा. मे महिन्याच्या सुट्टीतल्या हॉबी क्लासात कुणी ना कुणी झुमके करतच असतं. त्यात घट्ट गुंडाळी साच्यावर दाबून तिची वाटी करतात आणि आतून गोंदाचा हात फिरवतात. अंड्याची पाकळीही तशीच दाबायची, फक्त अगदी हलकी. साचा म्हणून टेबल टेनिसचा जुना चेंडू चालतो. त्याचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे अंड्याच्या पोटाच्या अगदी जवळचा. पाकळी चेंडूवर दाबली की तळ किंचित खोलगट होतो आणि मग ती अंड्यावर बसते, नुसती टेकत नाही. खऱ्या अंड्यावरच दाबून पाहायचा मोह होतो. टरफलाची जाडी ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते, एवढं लक्षात ठेवावं आणि मग हवं ते करावं.

गोंद पाकळीला लावायचा, अंड्याला नाही. टाइलच्या तुकड्यावर फेविकॉलचा एक थेंब बोटाने पसरून पातळ साय करायची, पाकळी चिमट्याने धरून तिची खालची कड त्या सायीला टेकवायची आणि सरळ उचलायची. ओढली की एका बाजूला जास्त गोंद येतो. फेविकॉल फार दाट असेल तर पाण्याचे एकदोन थेंब पुरे. त्याहून पातळ केला की कागद फुगतो आणि लाल, गडद निळ्या पट्ट्यांचा रंग पांढऱ्या टरफलावर उतरतो. तो डाग निघत नाही. खरवडायला जावं तर तिथलं टरफल निस्तेज होतं. यावर उपाय एकच: त्या जागी आणखी एक पाकळी लावायची आणि आपण ती आधीपासूनच तिथे ठरवली होती असं म्हणायचं.

बाजारातल्या अंड्याचा पृष्ठभाग कधी कधी तुळतुळीत असतो, गोंद धरत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून कोरडं केलं तर पुरतं. काही जण व्हिनेगरचा बोळा फिरवतात. क्षणभर फिरवला तर चालतो, रेंगाळला की बिघडतं, कारण टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्ल त्याला खातं. पृष्ठभाग खडूसारखा सुटतो आणि फूल अंड्याला न चिकटता त्या भुकटीला चिकटतं. महिन्याभराने भुकटीसकट गळून पडतं.

कागद वळवून त्याची नक्षी करण्याची ही कला युरोपातल्या मठांमधली. जोगिणी आणि साधू ग्रंथांच्या सोनेरी कडांची कात्रणं पिसाच्या दांड्यावर गुंडाळत आणि त्यांतून धार्मिक चित्रांच्या चौकटी सजवत. सोन्याच्या तारकामाची ही गरिबाघरची आवृत्ती. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडातल्या घरंदाज बायकांनी ती चहाच्या पेट्यांवर चढवली. अंडी सजवण्याची परंपरा तिकडे मध्य आणि पूर्व युरोपातल्या गावांत. जर्मनीच्या पूर्व टोकाला राहणारे सोर्ब लोक हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी कापून, वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठसे उमटवतात आणि मग अंडं रंगात सोडतात. म्हणजे पीस दोन्हीकडे होतंच, एकीकडे गुंडाळायला, दुसरीकडे ठसा मारायला. अंडीही त्याच पाखराची मिळत होती. दोघांची गाठ पडायला एवढा उशीर का झाला, कोण जाणे.

अर्थात उशीर झाला असंही अगदी म्हणता येत नाही. पोलंडच्या कुर्पिए भागात पाणथळीतल्या लव्हाळ्याचा गाभा काढतात. पांढरा, मऊ, दोऱ्यासारखा लांब. तो टरफलावर वळणं घेत चिकटवत जातात आणि मधल्या जागांत रंगीत लोकरीचे तुकडे भरतात. कागद नाही एवढंच, बाकी हे क्विलिंगच. त्याच देशात वोविचला अंड्यांवर रंगीत कागदाची कात्रणं चिकटवतात, कोंबडे आणि फुलं. तिकडे चेक देशातल्या मोराव्हियाच्या हाना भागात जवाचं काड भिजवून, चिरून, इस्त्रीने सपाट करून त्याचे नखाएवढे चौकोन आणि शंकरपाळे काळ्या-लाल अंड्यांवर बसवतात. ही सगळी माणसं टरफलाच्या त्याच गोलाईशी भांडत होती आणि सगळ्यांचं उत्तर एकच निघालं: तुकडा लहान ठेवा. हल्ली पोलंडमध्ये कागदी पट्ट्यांची अंडीही भरपूर दिसतात, पण बरीचशी थर्मोकोलच्या अंड्यांवर.

आणि इथे माझं डोकं फिरतं. थर्मोकोलला टाचणी टोचता येते, ते पडलं तर फुटत नाही, आतून रिकामं करावं लागत नाही, सगळं कबूल. पण मग खऱ्या टरफलावर काम करणारेही त्याच्या नादी लागून अंडं नखशिखांत मढवतात. टरफलाचा एक कण दिसत नाही. एवढी पाकळी न् पाकळी ठासून भरायची होती तर अंडं कशाला हवं होतं? माझ्या मते निम्म्याहून जास्त टरफल उघडं राहिलं पाहिजे. त्याचा तो किंचित खरखरीत, मंद पांढरेपणा पट्ट्यांच्या मधून दिसला की खालची वस्तू नाजूक आहे हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. गावठी अंड्याचं तपकिरी टरफल मिळालं तर आणखी बरं. त्यावर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, दुसरा रंगच नको.

उघडी जागा ठेवायची तर आखणी नीट हवी. अंड्यावर रबर बँड उभं चढवून त्याच्या कडेने पेन्सिलीचे बारीक ठिपके द्यायचे. रेघ नको, ती पाकळीखालून डोकावते आणि नंतर खोडता येत नाही. पोटाचा घेर साडेतेरा सेंटीमीटर धरला तर आठ भागांत प्रत्येकी १७ मिलिमीटर मिळतात. पण टोकांकडे जाता जाता या आठ रेषा एकमेकींच्या अंगावर येतात, म्हणून पोटावर आठ पाकळ्यांची रांग असेल तर टोकापाशी चारच. शिवाय अंड्याचं पोट मध्यावर नसतं, जाड टोकाकडे सरकलेलं असतं. वरची नक्षी जशीच्या तशी खाली उलटी केली की खालची मावत नाही. अंडं ठेवायला बाटलीचं झाकण घ्यावं, एक बाजू करून दहापंधरा मिनिटं वाळू द्यावी, मगच फिरवावं. ही दहा मिनिटं ज्याला जड जातात त्याने रांगोळी काढावी.

टांगायचं असेल तर घट्ट गुंडाळी टूथपिकभोवती करायची आणि टूथपिक काढून घ्यायची. दहा सेंटीमीटरच्या पट्टीचं होतं जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं चाक, आणि मधे दोरा जाईल एवढं भोक. ते अंड्याच्या भोकावर बसवलं की भोकही झाकतं आणि वॉशरचं कामही करतं. खाली मणी, वर फास.

वॉर्निश ब्रशने लावू नये. ते पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत पडद्यासारखं भरतं आणि कागद काळवंडतो. स्प्रे, फूटभर अंतरावरून, दोन पातळ हात. मुंबई-कोकणात तेही जुलैत अपुरं पडतं, गुंडाळ्या सैलावतात. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत अंडी ठेवावीत. उघड्यावर राहिली तर धूळ आहे आणि कसर आहे. वांद्र्याच्या आणि गोव्याच्या बेकऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला. त्यांची ईस्टरची अंडी मार्झिपानची (सुकामेवा आणि साखरेच्या लगद्याची) किंवा चॉकलेटची, वर साखरेची फुलं, आणि जतन करायची वेळच येत नाही.

राहता राहिलं अंडं रिकामं करणं. निमुळत्या टोकाला टाचणीएवढं भोक, जाड टोकाला चार मिलिमीटरचं, आत दाभण घालून बलक फोडायचा आणि लहान भोकातून हवा भरायची. तोंडाने फुंकू नये, साल्मोनेलाच्या जंतूंचं भय असतं. केमिस्टकडची सुईविना सिरिंज झकास चालते. अंडं फ्रिजमधून काढल्या काढल्या करू नये, गार बलक घट्ट असतो. मग आत पाणी भरून दोनदा खळखळवायचं आणि मोठं भोक खाली करून दोन दिवस ठेवायचं. घाई केली तर आतली ओल टरफलाच्या हजारो छिद्रांतून बाहेर येते आणि पाकळ्या सुटतात.

सहा अंड्यांचा ऐवज पाव लिटरच्या वर निघतो, सगळा मिसळलेला, त्यामुळे नुसता बलक लागणाऱ्या ईस्टरच्या केकला निरुपयोगी. भुर्जी होते. पण जुन्या काळी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या घालतच राहायच्या आणि अंडी साठत जायची, ईस्टरला अंड्यांचा एवढा सुकाळ व्हायचं एक कारण ते. कडक उपवास करणाऱ्याने ऐन पवित्र आठवड्यात, ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात, अंडी रिकामी केली तर ती भुर्जी खायची कुणी? त्यापेक्षा उपवास लागण्याआधीच्या मंगळवारी, गोव्यात कार्निव्हल संपतो आणि इंग्लंडात पॅनकेक होतात त्या दिवशी हे उरकावं. उपवास लागतो तो राखेचा बुधवार ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो, तेवढ्यात टरफलं खडखडीत वाळतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमधलं अंडं तसंही बरं, ऊन चढलं की कोंबड्या धापा टाकतात आणि टरफल पातळ होतं. २ मिलिमीटरच्या पट्ट्याही तेव्हाच मागवून ठेवाव्यात. ऐनवेळी दुकानात गेलं की ५ मिलिमीटरच्या दाखवतात आणि वर म्हणतात, ताई, सगळे याच नेतात.