सा, सा, सा, नी

आमच्या गल्लीतल्या घरांना अंगण नाही. भिंतीला भिंत लागलेली विटांची घरं आणि प्रत्येक दारापुढे तीन-चार पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची ही ओळखच आहे. दगडही इथलाच, शहराच्या उत्तरेला कॉकीजव्हिलच्या खाणीतला. ऊन उतरलं की माणसं या पायऱ्यांवर येऊन बसतात, आपल्याकडे ओट्यावर बसतात तशी.

शेजारचे आजोबा रोज बसतात. वय पंच्याऐंशी. पहिलं वर्षभर आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं, पण त्यांचं गुणगुणणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं आणि मी कोड्यात पडायचे. त्याला चालच नव्हती. एक सूर तीनदा लांबवायचा, मग जरासं खाली उतरायचं, पुन्हा वर. परत तेच. एका संध्याकाळी पोळ्या आटपून मी पेटी काढली आणि सूर लावून पाहिले. सा, सा, सा, नी. सा, सा, सा, नी. एवढंच, पाच-पाच मिनिटं.

शेवटी न राहवून विचारलं, की हे कोणतं गाणं? ते म्हणाले, "हे गाणं नाही. हा गाण्यातला माझा वाटा."

पंधरा-सोळा वर्षांचे असताना ते गल्लीतल्या पाच मुलांच्या गटात गायचे. वाद्य एकही नाही. एक मुख्य गायक, त्याच्या वर एक चढा आवाज (टेनर), खाली दुसरा टेनर, मग बॅरिटोन आणि तळाशी बेस. आजोबा बॅरिटोन. त्यांच्या गटाची रेकॉर्ड कधीच निघाली नाही. बाकीचे चौघे आता हयात नाहीत, म्हणून त्या गाण्याचा शिल्लक राहिलेला भाग म्हणजे हा मधला सूर.

तेव्हाची शेकडो गाणी चार कॉर्डच्या, म्हणजे एकदम लावायच्या सुरांच्या चार जुड्यांच्या, एकाच फेऱ्यावर बेतलेली असत. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या टप्प्यावर सा-ग-प, दुसऱ्यावर ध-सा-ग, तिसऱ्यावर म-ध-सा आणि चौथ्यावर प-नी-रे. हे पेटीवर दाबून बघा. पहिल्या तिन्हीत षड्ज आहे. त्यामुळे भोवती सगळं बदलत असताना एक माणूस तीन टप्पे जागचा हलत नाही, आणि चौथ्याला फक्त अर्धा सूर उतरतो. तो उतरला की सगळं गाणं घरी परतायला उतावीळ होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हुरहूर मुख्य गायकाच्या आवाजात आहे. ती या निषादात असते.

मी प्रवेशिका पूर्णपर्यंत गाणं शिकले. तिथे सगळे मिळून एकच सूर लावतात, नाहीतर एकटाच गातो. मागे धरणारे आपल्याकडेही आहेतच. शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी रं जी' धरतात, त्या अक्षरांना तरी कुठे अर्थ असतो, पण त्यांच्यावाचून पोवाडा उभा राहत नाही. इथल्या मुलांचं 'डू-वॉ', 'शा-ला' त्याच जातीचं. ज्या वाद्यांना पैसे नव्हते, त्यांची जागा तोंडाने भरून काढायची. (या प्रकाराला 'डू-वॉप' हे नाव पुष्कळ नंतर चिकटलं.) फरक इतकाच, की आपले झीलकरी एकाच सुरात मिळतात आणि इथे प्रत्येकाचा सूर वेगळा, तरी कोणी कोणाला सोडून जात नाही. ज्या गटांची नावं आज कोणाच्या ओठांवर नाहीत, त्यांच्यात हे ऐकायला मिळालं आणि माझा कान बदलला.

बाल्टिमोरमध्ये 'ओरिओल्स' म्हटलं की लोकांना बेसबॉल आठवतं. नारिंगी-काळ्या टोप्या घालून गाव लोटतं. पण बेसबॉलचा मोठा संघ इथे १९५४ मध्ये आला. त्याच्या सहा वर्षं आधी याच पक्ष्याचं नाव घेऊन पाच कृष्णवर्णीय तरुणांचा गाणारा गट देशभर पोचला होता. ओरिओल हा मेरिलँडचा राज्यपक्षी. आपल्या हळद्याशी त्याचं नातं नाही, पण झाडात चमकून जातो तसाच.

त्या पाच जणांची गोष्ट आजोबांनी मला तीन संध्याकाळी सांगितली. डेबोरा चेसलर नावाची इथली एक ज्यू तरुणी दुकानात विक्रेती होती आणि फावल्या वेळात गाणी लिहायची. एका ओळखीच्या माणसाने तिला फोनवरूनच या मुलांचं गाणं ऐकवलं. ती त्यांची व्यवस्थापक झाली. १९४८ मध्ये तिने त्यांना न्यूयॉर्कला आर्थर गॉडफ्रे यांच्या नभोवाणीवरच्या स्पर्धेत नेलं. तिथे ते हरले, पण गॉडफ्रेंनी त्यांना आपल्या दुसऱ्या कार्यक्रमात पुन्हा बोलावलं. त्याच वर्षी तिने लिहिलेलं 'इट्स टू सून टू नो' त्यांनी गायलं, आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं. गोऱ्यांच्या रेडिओवरही वाजलं.

मी ते हेडफोन लावून ऐकलं. एक गिटार, थोडे आवाज आणि भरपूर मोकळी जागा. सनी टिल हा मुख्य गायक घाई करत नाही. त्याआधीचे नावाजलेले गट फार तुळतुळीत गायचे. हा मुलगा विनवणी करतो आणि मागचे त्याच्या विनवणीला हुंकार देतात. ज्या काळात शाळा, हॉटेलं, थिएटरं रंगावरून वेगळी होती, त्या काळात एक गोरी स्त्री या पाच जणांबरोबर गावोगाव हिंडत होती, ही गोष्ट मला गाण्याइतकीच मोठी वाटते. १९५० मध्ये मोटार अपघातात त्यांचा गिटारवादक टॉमी गेदर गेला. हे सांगताना आजोबा थांबले आणि मी पुढचं विचारलं नाही.

ओरिओल्स, आणि त्यांच्याही आधीचे न्यूयॉर्कचे रेव्हन्स, यांच्यामागून पाखरांचा थवाच उठला. लार्क्स, रॉबिन्स, क्रोज, पेंग्विन्स, फ्लेमिंगोज. बाल्टिमोरमधूनच आणखी दोन, स्वॅलोज आणि कार्डिनल्स. आजोबांच्या गटाने नाव तीनदा बदललं, कारण मनात भरलेला प्रत्येक पक्षी आधीच कोणीतरी नेलेला असायचा.

स्वॅलोजची रेकॉर्ड त्यांच्या तळघरात आहे, १९५१ ची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. जाड, काळी, हातात घेतली की वजन कळतं. आजोबा ती दोन्ही तळव्यांच्या मध्ये कडेने धरतात, बोट खाचांना लागू देत नाहीत. मऊ फडक्याने वर्तुळात पुसतात, फुंकर घालतात, मग सुई ठेवतात. आधी खरखर येते, भाकरी भाजताना तव्यावर कोंडा जळतो तशी, आणि त्या खरखरीतून त्यांचा गायक एडी रिच याचा उंच आवाज निघतो. मी त्यांना सांगितलं, की या रेकॉर्डमध्ये लाख असते, आणि जगाला लाख मुख्यतः आमच्या देशातून जायची. दुसऱ्या महायुद्धात वाट बंद झाली म्हणून १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डवाल्यांच्या लाखेवर मर्यादा घातली होती. मग घरी जाऊन आईचा कोल्हापुरी साज आणून दाखवला. त्याच्या मण्यांत तीच लाख भरलेली असते. त्यांनी साज एका हातात धरला, रेकॉर्ड दुसऱ्या हातात, आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले.

१९५२ मध्ये स्वॅलोजचं एक गाणं देशाच्या रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या, यादीत पहिल्या दहांत होतं. आज त्यांच्याच शहरात मी दहा जणांना विचारलं, एकालाही नाव माहीत नव्हतं.

कार्डिनल्सची कथा मला जास्त लागते. अर्नी वॉरन त्यांचा मुख्य गायक. १९५५ मध्ये त्यांनी चक विलिस यांनी लिहिलेलं 'द डोअर इज स्टिल ओपन' गायलं. कृष्णवर्णीयांच्या यादीत ते वर चढलं, बाहेर फारसं कोणाला कळलं नाही. नऊ वर्षांनी डीन मार्टिन या नावाजलेल्या गोऱ्या गायकाने तेच गाणं म्हटलं आणि ते अमेरिकेत घराघरांत गेलं. डीन मार्टिनचा आवाज गोड आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण कार्डिनल्सचं ऐका. मागचे आवाज मुख्य गायकाला दारात एकटं उभं करत नाहीत, त्याच्या पाठीशी उभे राहतात. १९९५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संगीतातल्या मानाच्या संस्थेने ओरिओल्सना मान दिला, तो योग्यच. बाकीच्या दोन पाखरांना तिथे फांदी मिळालेली नाही, आणि मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

गेल्या महिन्यात मी आजोबांना घेऊन पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूला गेले. इथे कृष्णवर्णीय कलावंतांचं रॉयल थिएटर होतं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचं अपोलो, वॉशिंग्टनचं हॉवर्ड यांच्या मांडीला मांडी लावून बसणारं. त्यांनी लहानपणी ही पाखरं तिथेच पाहिली. १९७१ मध्ये ते पाडलं. जवळच जॅझ गायिका बिली हॉलिडेचा पुतळा आहे, तिच्यासमोर आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. १९५० मध्ये या शहराची वस्ती साडेनऊ लाख होती, २०२० मध्ये पाच लाख पंच्याऐंशी हजार उरली. आजूबाजूच्या गल्ल्यांत दारं-खिडक्या फळ्यांनी बंद केलेली घरं दिसतात. घर रिकामं, पायऱ्या मात्र जागेवर.

एका गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. दोन उंच भिंतींमधला बोळ. तिथे आवाज घुमायचा म्हणून त्यांचा गट तिथेच जमायचा. त्यांनी भिंतीकडे तोंड करून एक 'ऊऽऽ' लावला. आवाज आता थरथरतो. पण भिंतीने तो परत दिला.

तेव्हापासून रविवारी आम्ही पायऱ्यांवर बसतो. बॅरिटोन आता त्यांच्याने लांबवत नाही, म्हणून तो त्यांनी मला दिला आहे आणि स्वतः हळू आवाजात चाल म्हणतात. पहिले दोन रविवार मी दर वेळी चालीबरोबर वाहवत गेले. आमचा कान चालीकडेच धावतो. ते थांबायचे, रागवायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तिसऱ्या रविवारी मी एका कानात बोट घातलं, डोळे मिटले आणि षड्ज धरून ठेवला. त्यांची चाल वर गेली, फिरली, खाली आली. चौथ्या टप्प्याला त्यांनी काठी पायरीवर टेकवली.

मी निषादावर उतरले.