वागळे इस्टेटमधला पेंटियम ४

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या पितळी नेमप्लेट कोरून देणारं एक छोटं वर्कशॉप आहे. तिथली कोरायची मशीन लिनक्स-सीएनसी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते आणि ते सॉफ्टवेअर चालायचं एका जुनाट पेंटियम ४ पीसीवर. मालकांचा, म्हणजे काकांचा फोन आला, "मशीन उभी आहे, लगेच ये."

झालं असं की हार्डडिस्क खडखडायला लागली, म्हणून त्यांच्या पुतण्याने डेबियन १३ ची (डेबियन म्हणजे लिनक्सचा एक तयार संच) डीव्हीडी घातली. स्क्रीनवर दोन ओळी आल्या: या कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) एक्स८६-६४, म्हणजे ६४ बिट प्रोसेसर हवा, सापडला फक्त आय६८६. पुढे काही नाही. डिस्कवरची जुनी सिस्टीम कशीबशी सुरू करून मी सीपीयूची माहिती पाहिली. फ्लॅग्जच्या, म्हणजे प्रोसेसरला काय काय जमतं त्याच्या रांगेत ६४ बिटची खूण 'एलएम' कुठेच नव्हती. म्हणजे निव्वळ ३२ बिट. प्रश्न मिटला.

काकांचा मिटला नाही. "चालती वस्तू बंद करायला यांना सांगितलं कोणी? आणि फुकटचं सॉफ्टवेअर, भांडायचं तरी कोणाशी?"

मी सांगितलं की हे आजचं नाही. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं तेच इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर, आणि त्याच ३८६ चा आधार २०१२ मध्ये कर्नलमधून काढला. त्या चिपमध्ये नंतरच्या प्रोसेसरांतल्या काही सूचनाच नव्हत्या, त्यामुळे तिच्यासाठी जागोजागी वेगळी वाट काढून ठेवावी लागायची. इंटेलचा आयटॅनियम तर सर्व्हरचा प्रोसेसर, त्याचाही आधार कर्नलच्या ६.७ आवृत्तीत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, त्यात ३२ बिट पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. पॅकेजेस आहेत, पण ती ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती.

काकांनी मागच्या रॅककडे बोट दाखवलं. बंद पडलेल्या कंपन्यांच्या डाय (साचे) तिथे रचून ठेवल्यात. "या मी फेकल्या का?"

"यांना तेल कोण लावतं?"

"मीच. दर पावसाळ्याआधी."

"तिकडे आयटॅनियमला तेल लावणारं कोणी उरलं नव्हतं, काका."

ते हसले, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत. माझं मत विचाराल तर, कोणी तपासतच नाही असा कोड 'चालतो' म्हणून ठेवून देणं जास्त वाईट. त्यावर विसंबून कोणीतरी मशीन लावतो आणि ऐन ऑर्डरीत फसतो. काढला की निदान कळतं तरी.

"मग डेबियन १२ टाक," पुतण्या म्हणाला. सल्ला चुकीचा नव्हता, १२ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर आहे. पण मरणाऱ्या डिस्कच्या त्या खोक्यावर अजून पैसे घालणं मला पटेना. पुतण्याचा लॅपटॉप यूएसबी-पॅरलल वायरने मशीनला जोडायचा बेतही बाद. इथे पल्सागणिक एकेक पाऊल फिरणाऱ्या स्टेपर मोटरचा प्रत्येक पल्स सॉफ्टवेअर थेट पॅरलल पोर्टच्या (जुन्या प्रिंटर पोर्टच्या) पिनवर सोडतं, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात. यूएसबी मध्ये आली की तो हिशेब कोलमडतो.

आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवायच्या प्रोग्रामने डिस्कची इमेज, म्हणजे पूर्ण नक्कल घेतली. काही सेक्टर गेले होते, पण मशीनच्या सेटिंगच्या आयएनआय आणि एचएएल फाइल आणि काकांचे सगळे जी-कोड (काय कोरायचं त्याच्या सूचना) शाबूत निघाले. स्टेशनजवळून सेकंडहँड ६४ बिट डेस्कटॉप आणला, त्यात पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड बसवलं, डेबियन १२ आणि त्याचंच रिअल-टाइम (वेळ काटेकोर पाळणारं) कर्नल टाकलं. लिनक्स-सीएनसी आता डेबियनच्या भांडारातच मिळतं. जुनी आयएनआय फाइल उघडताच त्याने स्वतःच विचारलं, नव्या रूपात बदलून देऊ का?

तरी मोटर ढिम्म हलेना. एचएएल फाइलमध्ये पोर्टचा पत्ता ३७८ लिहिलेला, तो जुन्या मदरबोर्डचा. कार्डाचा पत्ता वेगळा असतो. एलएसपीसीआय या कमांडने बघून तो घातला आणि टेबल सरकलं. मग पल्सची वेळ किती चुकते ते मोजणारी लेटन्सी-टेस्ट लावून पुतण्याला मुद्दाम व्हिडिओ चालवायला, खिडक्या इकडेतिकडे ओढायला बसवलं. जिटर, म्हणजे वेळेतला चढउतार, आटोक्यात राहिला. अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर अक्षरं कोरून पाहिली. काकांनी भिंग लावून 'क्ष' च्या कडा तपासल्या आणि मान डोलावली.

नेटची वायर मात्र मी लावू दिली नाही. फाइल पेन ड्राइव्हनेच न्यायची.

"हे कार्डही एक दिवस मिळेनासं होईल ना?" पुतण्याने विचारलं. होईल. तेव्हा पल्सचं काम इथरनेटने जोडायच्या मेसा कंपनीच्या कार्डाकडे द्यायचं, म्हणजे पीसीत पॅरलल पोर्ट लागतच नाही. काकांनी किंमत विचारली. मी अंदाज सांगितला.

"दिवाळीनंतर बघू," म्हणत त्यांनी पहिली पितळी प्लेट लावली.