लाखोरीचं पाणी आणि तांब्याचं इलेक्ट्रोड

आमच्या लाखांदूर भागात धान कापायच्या आधीच ओल्या बांध्यांत लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, फेकतात. "डाळीचं पयलं पाणी फेकून देजो वो," हे आजीचं सांगणं लहानपणापासून कानावर आहे. या डाळीत ओडॅप नावाचं अमिनो आम्ल असतं. महिनोन्‌महिने मुख्यतः तीच डाळ खाल्ली, तर पाय लुळे पडू शकतात. ते पाण्यात विरघळतं, म्हणून आजीचं बरोबरच होतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ते फेकलेलं पाणीच तपासायचं ठरवलं.

त्यासाठी इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात बुडवून करंट मोजायचं टोक, मीच बनवलं. सत्तर भाग ग्रॅफाइट आणि तीस भाग पॅराफिन तेल खलात घोटलं. लगदा एक मिलीच्या सिरिंजमध्ये भरून मागून तांब्याची तार खोचली. सरावासाठी आधी ग्लायसीन हे सगळ्यात साधं अमिनो आम्ल घेतलं. काहीच नाही, आलेख सपाट! साध्या कार्बनवर टायरोसिन, ट्रिप्टोफॅनसारखी मोजकीच अमिनो आम्लं नीट ऑक्सिडाइज होतात, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडून करंट देतात, हे वाचलेलं त्या दिवशी खरं कळलं.

मग लगद्यात कॉपर ऑक्साइडची पूड मिसळली आणि द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडचं केलं. आता करंट यायचा, पण उड्या मारायचा. आठ दिवस मी तारा बदलल्या, द्रावणं नव्यानं केली. शेवटी सिरिंज उजेडात धरली, तर तारेच्या टोकाशी बाजरीच्या दाण्याएवढी हवेची पोकळी! लगदा थोडा थोडा भरून काचेवर दाबत गेले, तोंड बटर पेपरवर चकाकेपर्यंत घासलं. मग नुसत्या अल्कलीत करंट स्थिरावू दिला आणि ग्लायसीन टाकलं. ०.६ व्होल्टच्या आसपास रेघ वर चढली. आणखी टाकलं, आणखी चढली. तेवढ्यात लाईन गेली, तरी मला रडूच आलं, आनंदानं.

डाळीच्या पाण्यालाही करंट आला. पण तो ओडॅपचा म्हणता येईना. तांबं सगळ्याच अमिनो आम्लांना दाद देतं, साखरेलाही देतं. माझ्या मते हे लपवून दिलेला आकडा लोकांच्या ताटाशी खेळ ठरेल. मॅडम म्हणाल्या, आधी कॉलममधून घटक वेगळे कर, इलेक्ट्रोड शेवटी लाव. तसा कॉलम नागपूरला आहे. आजीच्या पातेल्यातलं पाणी गाळून बाटलीत भरलंय, बर्फाच्या डब्यात ठेवून सोमवारच्या पहिल्या एसटीनं निघतेय.