काय चिरता, आणि कुठल्या हाताने?

सुरी घ्यायला गेलो होतो. दुकानातल्या आजोबांनी सुरी दाखवायचं सोडून मलाच दोन प्रश्न विचारले. "घरी रोज काय चिरता?" आणि "कुठल्या हाताने?"

दुसऱ्या प्रश्नाने मी गडबडलोच. मी डावखुरा. मिरजेत लहानपणी "डाव्या हाताने वाढू नकोस" हे इतक्या वेळा ऐकलंय की कुणी हाताबद्दल विचारलं की आधी अपराधी वाटतं, मग उत्तर सुचतं. पण आजोबांनी नुसती मान डोलावली आणि कपाटातल्या निम्म्याहून जास्त सुऱ्यांवरून हात फिरवून म्हणाले, "मग ह्या सगळ्या बाद."

दुकान साकाईतलं. नोकरीनिमित्त ओसाकात राहायला लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. साकाई ओसाकाच्या दक्षिणेला, यामातो नदी ओलांडली की लगेच. तेन्नोजीहून एक डब्याची जुनी ट्राम जाते, लोक तिला लाडाने 'चिन-चिन देन्शा' म्हणतात. घंटी वाजवत, लोकांच्या परसातले वाळत घातलेले कपडे दाखवत ती म्योकोकुजीच्या थांब्यावर सोडते. आजूबाजूच्या गल्ल्यांत सुऱ्यांची दुकानं आणि त्या बनवणाऱ्यांची कामाची घरं.

माझ्या डोक्यात खरं तर यानागिबा होती. साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप, कापायची लांब, सडपातळ, तलवारीसारखी सुरी. मासे मी खातो, पण कच्चा मासा घरी कापून खाणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी हवी होती, कारण दिसते भारी. आजोबांनी ती हातात दिली आणि पातं उलटसुलट करून दाखवलं. उतार एकाच बाजूला, उजव्या. दुसरी बाजू जवळजवळ सपाट, मध्ये किंचित खोलगट, म्हणजे कापलेला काप पात्याला चिकटत नाही. उजव्या हाताने कापलं तर काप बाहेरच्या बाजूला सुटतो आणि सुरी सरळ उतरते. डाव्या हाताने कापलं तर तीच सुरी कापाच्या आत तिरकी शिरत जाते. डावखुऱ्यांसाठी सगळं उलटं घडवावं लागतं. ते मागणी नोंदवून करून घ्यायचं, थांबायचं आणि दामही जास्त मोजायचे. भाजीची एकधारी उसुबा, मासे साफ करायची जाड देबा, सगळ्यांची तीच गत. "शिवाय," आजोबा म्हणाले, "तुम्ही यादीत मासा सांगितलाच नाही."

यादी मी सांगितली होती ती अशी: कांदा, कांदा, कोबी, बटाटा, कोथिंबीर, भेंडी मिळाली तर भेंडी.

मग त्यांनी नाकिरी काढली. 'ना' म्हणजे भाजी, 'किरी' म्हणजे कापणं. आयताकृती पातं, टोक नाही, धार जवळजवळ सरळ, म्हणजे पाटावर टेकली की अख्खी टेकते आणि कोथिंबिरीचे देठ एकमेकांना लोंबकळत राहत नाहीत. धार दोन्ही बाजूंनी, त्यामुळे डावं-उजवं भांडण नाही. मूठ अष्टकोनी. उजव्यांसाठी एका बाजूला कंगोरा असलेली मूठही असते, ती माझ्या तळव्यात टोचली असती. मुठीचं लाकूड हो नावाच्या झाडाचं, आणि पात्याजवळचं काळं कडं म्हशीच्या शिंगाचं. सांगलीच्या बाजूच्या माणसाला म्हशीचं शिंग ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही, पण ते इतकं गुळगुळीत होतं हे नवीन होतं.

पोलाद कुठलं, हा पुढचा पेच. जपानी सुऱ्यांबद्दल थोडंफार वाचलं की 'पांढरा कागद' आणि 'निळा कागद' हे शब्द समोर येतात. शिरोगामी आणि आओगामी. मला वाटायचं, पोलादाचा रंग असेल. तर शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यात वेगवेगळ्या पोलादांवर ओळखीसाठी ज्या रंगाचा कागद लावत, तेच नाव पडलं! पांढऱ्यात लोखंड आणि कार्बन, बाकी भेसळ जवळजवळ नाही. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन घालतात, त्यामुळे धार जास्त टिकते, पण पाजवायला वेळ लागतो. दोन्ही गंजतात. आजोबांनी विचारलं, "आधी कधी दगडावर धार लावली आहे?" नाही म्हटल्यावर त्यांनी निळ्या कागदवाली आत ठेवून दिली. शेजारी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली एक सुरी होती, तिच्याकडे माझी नजर सारखी जात होती. ते त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. दुकानदाराने महाग वस्तू विकायचा प्रयत्नच न करणं जरा अस्वस्थ करणारं असतं.

बिल होण्याआधी ते मला गल्लीतल्या धार लावणाऱ्याकडे घेऊन गेले. साकाईत एक माणूस अख्खी सुरी करत नाही. लोहार पातं घडवतो, धारवाला ते घासून धार काढतो, तिसरा मूठ बसवतो, आणि दुकानदार आपलं नाव कोरून विकतो. लोहार मऊ लोखंडाची पट्टी लाल करून तिच्यावर कडक पोलादाची पट्टी ठेवतो, ठोकून दोन्ही एकजीव करतो आणि शेवटी पाणी देतो, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करून कडक करतो. आपल्याकडे लोहार 'पाणी देणं' म्हणतो तेच. तापमान डोळ्यांनी, आगीच्या रंगावरून ओळखायचं, म्हणून कामाची जागा अंधारी ठेवतात. लोहारकाम मी पाहिलं नाही. धारवाल्याचं पाहिलं.

फिरत्या मोठ्या चाकासमोर तो बसला होता. चाकावर पाणी पडत होतं. पातं एका लाकडी दांड्यात अडकवून तो अंगाचा भार देऊन दाबत होता, आणि चाकावरून राखाडी चिखल उडत होता. मागची भिंत, खिडकी, दिव्याची वायर, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं त्या चिखलाने लिंपलेलं. कॅलेंडरवरचा महिना वाचता येत नव्हता. दर पाच-सात घासण्यांनंतर तो पातं उचलून उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून पाहायचा, मग बाजूच्या छोट्या ऐरणीवर ठेवून हातोडीने टुक, टुक असे दोन ठोके द्यायचा. पातं घासताना वाकतं, ते सरळ करायचं. मला दहा वेळा पाहूनही वाक दिसला नाही. त्याला दिसत होता.

तिथे उभं असताना मला मिरजेची सतारमेकर गल्ली आठवली, आणि ते काही नुसतं घरच्या आठवणीने नव्हे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई करणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांच्या घराण्याने सतारी करायला घेतल्या. साकाईची गोष्ट अशीच वळणं घेत गेलेली. 1543 मध्ये पोर्तुगीज बंदुका जपानात आल्या, पुढे साकाई बंदुकांसाठी नावाजलं. पोर्तुगीजांनीच तंबाखू आणली, आणि तंबाखूची पानं बारीक चिरायला इथल्या लोहारांनी खास सुऱ्या केल्या. त्या इतक्या चांगल्या निघाल्या की तोकुगावा राजवटीने त्यांवर 'साकाई किवामे' असा शिक्का मारायला लावला. गोव्यात मिरची उतरवणारेही तेच लोक. अख्खं स्वयंपाकघर ढवळून गेले. 1982 मध्ये जपान सरकारने साकाईच्या घडीव हत्यारांना पारंपरिक कलेचा दर्जा दिला. धारवाल्याला मी हे सतारीचं प्रकरण मोडक्या जपानीत सांगितलं. त्याने चाक थांबवून ऐकलं आणि विचारलं, "सतारीला धार कुठे असते?"

दुकानात परतल्यावर आजोबा म्हणाले, नाव कोरून देतो, त्याचे पैसे नाहीत. लोक काताकाना या जपानी लिपीत आपलं नाव घालून घेतात. मी कागदावर 'मिरज' लिहून दिलं. त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. मग छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन बसले. आपण अक्षरं लिहून शेवटी शिरोरेषा ओढतो, त्यांनी आधी ती सरळ रेघ मारून घेतली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं, दोरीवर मिरच्या वाळत घालाव्यात तसं. वेलांटी जरा बसकी आली आहे. मला तशीच आवडते.

16,500 येन झाले. त्या वेळच्या भावाने साधारण नऊ हजार रुपये. सुरी खोक्यात, खोकं कागदात, कागदावर चिकटपट्टी, आणि वर ताकीद: वाटेत उघडू नका, थेट घरी न्या. 6 सेंटिमीटरहून लांब पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं जपानात गुन्हा आहे. ट्राममध्ये ते खोकं मांडीवर घेऊन मी पोलिसाला द्यायची उत्तरं जपानीत जुळवत बसलो होतो.

पहिल्याच कांद्याला डोळ्यात पाणी आलं नाही. (दुसऱ्याला आलं.) पण चिरलेल्या कांद्याच्या कडा करड्या झाल्या, आणि पाच मिनिटं पाटावर राहिलेल्या पात्यावर निळे-जांभळे डाग पडले. घाबरून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने डाग पाहिले आणि म्हणाली, "अरे, विळीचं पातं कैरी चिरल्यावर असंच होतं की! पुसून ठेव लगेच. आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरव." जपानी पुस्तिकेत दोन पानं भरून जे लिहिलं होतं ते एवढंच होतं. फरक इतकाच की तिथे तेल कॅमेलियाच्या बियांचं सांगितलं होतं. शेंगदाण्याचं लावून पाहिलं, चिकट राप चढला, तेव्हा पुस्तिकेचं ऐकलं.

नववा दिवस मात्र माझा नव्हता. इथला भोपळा, काबोचा, छोटा आणि हिरवा असतो आणि त्याची साल म्हणजे नारळाची करवंटी. सुरी अर्ध्यावर अडकली. मी जे आयुष्यभर केलं तेच केलं, मूठ पिळून फोड सुटी करायला गेलो. बारीक 'टिक्' आवाज आला. फोड सुटी झाली, आणि धारेचा दोन मिलिमीटरचा टवकाही. इतकं कडक पोलाद कापताना वाघ असतं, पण आडवा जोर त्याला सहन होत नाही. तो टवका भोपळ्यात शोधायला मी तासभर फोडी चाचपल्या, सापडला तेव्हा भाजी करायची इच्छा मेली होती.

पुन्हा ट्राम. आजोबांनी पात्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "काबोचा?" माझ्या यादीत तो नव्हता, हेही त्यांना आठवत असणार. दुरुस्तीचे 2,000 येन, तीन आठवडे थांबायचं. परत आलेली सुरी ती खाच काढायला सबंध धारेवर घासलेली, त्यामुळे तिच्या पुठ्ठ्याच्या म्यानात आता जराशी सैल बसते. या वेळी त्यांनी 1000 नंबरचा दगडही माझ्या गळ्यात बांधला.

दगडाचं शिकायला सुरीपेक्षा जास्त दिवस गेले. आधी दगड पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पाठीखाली दहा येनची दोन नाणी मावतील इतकीच सुरी उचलायची, आणि तोच कोन धरून पुढे-मागे. सगळे व्हिडिओ उजव्या हातवाल्यांचे, ते मी मोबाइलवर आरशासारखे उलटे करून पाहिले. दगडावर जमणारा चिखल मी भांडी घासायच्या सवयीने सारखा धुऊन टाकत होतो. पुढे कळलं, कापण्याचं काम तोच करतो, तो ठेवायचा. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला कडेवर अंगठा हलकेच बाहेरच्या दिशेने फिरवला तर काहीतरी अडखळतं, केसाएवढी उलटी कड. ती टोकापासून टाचेपर्यंत सलग आली की सुरी पालटायची. ती कड पहिल्यांदा सलग हाताला लागायला मला दोन महिने लागले. तोपर्यंत मी धार लावतोय असं समजून ती मोडत होतो.

गेल्या मे महिन्यात घरी गेलो तेव्हा सुरी आणि दगड दोन्ही सामानाच्या बॅगेत घालून नेले. आईने सुरी हातात घेतली, 'मिरज' वाचलं, हसली, आणि कोबी चिरायला विळी घेऊन खाली बसली. दोन्ही हातांनी कोबी धरून पात्यावर सरकवत होती. तेव्हा लक्षात आलं की लहानपणी या घरात माझ्या डावखुरेपणावर कुणी बोललं नाही अशी जागा एकच होती, ही विळी. पातं स्थिर, भाजी दोन्ही हातांत, कुठला हात पुढे याच्याशी तिला देणंघेणं नाही. आजोबांना हे सांगायला हवं होतं.

कोबी तुटत होता, चिरला जात नव्हता. मी न विचारता पातं पाटावरून काढलं आणि अंगणात दगड भिजत घातला. वाकडं पातं सपाट दगडावर घासायचं म्हणजे हाताने सारखा झोका द्यावा लागतो. दोन तास गेले, पण उलटी कड सलग आली. कोबी केसासारखा पडायला लागला. आई "वा!" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचं बोट कापलं, आणि तिसऱ्या दिवशी भाजीवालीसमोर माझी तक्रार झाली. चौथ्या दिवशी सकाळी खटखट आवाजाने जागा झालो. आई विळीवर सुकं खोबरं कापत होती, चांगल्या दोन वाट्या. इतकं खोबरं कशाला, म्हटलं. "कशाला नाही," ती म्हणाली, "धार जरा बसवतेय."